पाच किलोचं माप

आमच्याकडे आकाशातून उडी मारायला आलेला माणूस पहिलं खोटं बोलतो ते वजनाबद्दल. मी काऊंटरवर बसते, समोर काटा. "वजन किती, सर?" म्हटलं की पोट आत ओढून सांगतात, "असेल सत्तर-बहात्तर." काट्यावर उभं केलं की साहेबांचं तोंड उतरतं. मग बूट काढतात, पाकीट काढतात, एकानं तर हातातला गंडाही सोडून ठेवला होता. मला हसू आवरत नाही. मागच्या खोलीत बसलेल्या दिनकर आप्पांना मात्र कधी हसू आलं नाही. ते तिथूनच ओरडायचे, "लाज वाटली पायजे! आरं, ज्या दोरीच्या भरोशावर लटकायचंय तिलाच फसीवतोस व्हय?"

गिऱ्हाईक दचकून माझ्याकडे बघायचं. मी म्हणायची, "लक्ष देऊ नका सर, ते आमचे रिगर आहेत. पॅराशूट तपासतात, दुरुस्त करतात." हा आरडाओरडा करणारा म्हातारा आपलं पॅराशूट तपासतो हे कळलं की गिऱ्हाईक आणखीच घाबरायचं.

आमचं मैदान भांडगावच्या पुढं हायवे सोडून आत आहे. एका बाजूला ऊस, मधे धावपट्टी, कडेला पत्र्याच्या चार खोल्या. मी दौंडहून स्कूटीवर येते. पाहुण्याला पोटाशी बांधून आमचा कॅप्टन विमानातून उडी मारतो, वरती पॅराशूट उघडतं आणि दोघं मिळून खाली येतात. पाहुणे फोटो कॅप्टनबरोबर काढतात. आप्पांबरोबर कुणी काढत नाही, आणि ह्याचं आप्पांना भारी वाईट वाटायचं. ते काही गरीब बापुडे, गप्प बसून काम करणारे नव्हते. फौजेत पॅराशूटच्या खात्यात उभी हयात काढलेली, पांढऱ्या मिशांना रोज तेल लावून पीळ दिलेला, गळ्यात शिंप्यासारखी टेप आणि दोरीला बांधलेली कात्री. "मी हाय म्हणून हितं माणसं पायावर उतरत्यात," असं ते दिवसातून एकदा तरी मोठ्यानं म्हणायचे. माझं नाव शोभा, त्यावरून त्यांचा एक ठरलेला विनोद होता. माझा डबा उघडा राहिला, स्कूटी उन्हात राहिली, फोनवर जास्त बोलले, काहीही झालं की, "ह्ये शोभतं का, शोभे?" पहिल्यांदा हसले, दहाव्यांदा दात-ओठ खाल्ले, मग सवय झाली.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. पॅराशूटच्या दोऱ्या बोटांएवढ्याही जाड नसतात, शिवणाच्या सुतळीपेक्षा जरा बऱ्या. ते एकेक दोरी मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून बघायचे. मी विचारलं, बोटं काय झाली? तर म्हणाले, "बोटाला घट्टं पडल्यात. घट्टं पडलेल्या बोटाला काय कळतंय? हितली कातडी अजून लाजरी हाय." कुठं दोरीला लव सुटलेली असली, धागा उचकटलेला असला की मनगट जागीच थांबायचं. मग कात्री, मग नवी दोरी, मग शिलाई.

पण झिजलेली दोरी आंधळ्यालाही सापडते, असं त्यांचं म्हणणं. खरी फसवी ती आखडलेली. "आपला कासरा जुना झाला की लांबतो. ही बया जुनी झाली की आखडती. आपल्याकडची माणसं हितंच चुकत्यात." पॅराशूट उघडताना दोऱ्यांवरून एक कापड सरसरत खाली येतं, त्याच्या घासण्यानं दोरी तापते आणि दर उडीला जराशी तोकडी होते. सगळ्यात जास्त तोकडी होते ब्रेकची. जमिनीजवळ आल्यावर ब्रेक ओढून पॅराशूट अलगद थांबवायचं असतं. ती दोरीच आखडलेली असली तर ब्रेक आधीपासूनच लागलेला. शेवटी ओढायला जावं तर ते हवेतच बसतं, आणि खालची दोन माणसं दगडासारखी येतात. म्हणून दोरी मोजायची, आणि नुसती मोजायची नाही. टोकाला पाच किलोचं वजन लावून ताणायची, मग टेप धरायची आणि कंपनीनं दिलेल्या आकड्याशी ताडून बघायची. आप्पांकडे त्यासाठी फौजेतलं पितळी वजन होतं, लाल फडक्यात बांधलेलं. त्याला कुणी हात लावला की संपलंच.

"हात खोटं बोलंल, डोळा खोटं बोलंल, माप बोलत न्हाई," ते म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. वडिलांचं नदीपलीकडे, मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका वाडीत धान्याचं दुकान होतं. त्या दुकानावर घर उभं राहिलं, आप्पा शिकले, भरतीला गेले. वडील गेल्यावर दुकान धाकट्या भावाकडे, वसंतशेठकडे आलं. वडिलांचा विषय निघाला की आप्पांचा आवाज खाली यायचा. तेवढ्यापुरताच.

लाजेवर त्यांचा फार विश्वास. कॅप्टन हिंदी मुलखातला, मोकळा माणूस. एकदा तो म्हणाला, "आप्पाजी, डर तो अच्छी चीज है, आदमी को सावधान रखता है." आप्पा म्हणाले, "भीती चार उड्यांत मरती, कॅप्टन. लाज मरत न्हाई. तपासणारा भित्रा नसला तरी चालंल, लाजरा पायजे. आपल्या हातनं चुकलं तर चार माणसांत तोंड कसं दावू, ह्ये ज्याला वाटत न्हाई त्याच्या हातात कात्री देऊ नगा."

काढलेली जुनी दोरी ते वीतवीत कापून जाळायचे. मला ती उधळपट्टी वाटायची, इतकी चिवट दोरी, चार घरची धुणी वाळली असती. मग एक दिवस भांडगावात रस्त्याकडेच्या टोमॅटोच्या फडात त्यांना आपल्या पॅराशूटची दोरी दिसली. कुणीतरी कचऱ्यातून नेली होती. आप्पांनी माझी स्कूटी थांबवली आणि सरळ फडात शिरले. मालक धावत आला, "ओ आप्पा, काय करताय? माझं टमाटं!"

"टमाट्याला बांधलीस तवर ठीक हाय. उद्या हीच काढून पोराचा झोका बांधशील. ही दोरी मोडीत काढलीया मी, हिच्यावर आता कुणाचा जीव टाकायचा न्हाई."

दोरी सोडून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुतळीचं नवं बंडल नेऊन दिलं. मी मात्र रस्त्यावर उभी, येणारे-जाणारे बघतायत, लाजेनं अर्धी झाले. हा माणूस मला जिथं तिथं लाजवायचा.

आता यात्रेची गोष्ट. त्या साली वसंतशेठला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, आणि त्याच्या डोक्यात आलं की भैरवनाथाच्या यात्रेला आपण आकाशातून उतरायचं. आमच्या मालकांना काय, जाहिरातच. चौकाचौकात फ्लेक्स लागले, वसंतशेठ गॉगल घालून ढगात उभे, खाली लिहिलेलं, 'आकाशमार्गे आगमन'. आप्पांनाही आतून आनंद झालेला. सख्खा भाऊ, आपलं गाव, आपण तपासलेलं पॅराशूट. "आता तरी गावाला कळंल मी काय करतो," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. आमचं दुसरं पॅराशूट दोऱ्यांविना पडून होतं, नव्या दोऱ्या परदेशातून यायच्या होत्या. राहिलेल्या एकाच्याही ब्रेकच्या दोऱ्या मुदतीच्या काठावर आलेल्या. आप्पांनी आदल्या दिवशी मोजलं, म्हणाले, "काठावर हाय, पण हाय. ही एक उडी, मग सुट्टी."

घोटाळा झाला पूजेमुळे. नवा ट्रॅक्टर आणला की आपल्याकडे आधी देवाला नेतात, तसं गावाचं ठरलं की पॅराशूट आधी भैरवनाथाला दाखवायचं, मगच ते विमानात जाईल. आप्पा नको नको म्हणत होते. वसंतशेठनं परस्पर मालकांची परवानगी काढली. यात्रेच्या सकाळी हलगी वाजवत पॅराशूट गावातून मिरवलं. मंदिरासमोर ठेवलं, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं, आणि कुणीतरी उत्साहात गुलाल उधळला. आप्पांचा चेहरा असा झाला, जणू गुलाल त्यांच्या डोळ्यात गेला.

"आता हे असंच न्हाई जायाचं," ते म्हणाले. "झाडायचं, सगळ्या दोऱ्या बघायच्या, ब्रेक मोजायचा."

मंदिरामागच्या लिंबाच्या फांदीला त्यांनी दोऱ्या अडकवल्या. पितळी वजन तर मैदानावर, आणि तिकडं पोचल्यावर लगेच विमान उडायचं होतं, मोजायला वेळ मिळणार नव्हता. मग त्यांनी दुकानातून माप मागवलं. वसंतशेठचा गडी पाच किलोचं लोखंडी माप घेऊन आला. आप्पांनी ते हातात घेतलं, कडीवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "माझ्या बाचं हाय. बघ, नाव कोरलंय." मिशीत हसले. मला वाटतं त्या सकाळचं त्यांचं ते शेवटचं हसू.

माप लावलं, टेप धरली. परत धरली. दुसरी दोरी, तिला धरली. काल काठावर असलेली दोरी आज काठाच्याही खाली होती. आखडलेली. दोन्ही.

सगळं गाव भोवती. कॅप्टननं दोरी हातात घेतली, "आप्पाजी, कल तो ठीक थी. देखने में भी ठीक लग रही है."

आप्पांनी दोरी मनगटावरून ओढली. "मला बी ठीक लागती. पण मनगट माझं हाय, माप माझं न्हाई. काल मी मोजताना चुकलो असंन."

वसंतशेठ जवळ आला. नवा पांढरा सदरा, कपाळभर गुलाल. खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पा, बारकं-सारकं काय असंल ते सोड. आख्खी वाडी वर बघत बसलीया. माझी आब्रू जाईल."

"आब्रू जाऊ दे, तू ऱ्हा."

मालकांचा फोन. स्पीकरवर मी ऐकला. एक उडी होऊन जाऊ द्या, आप्पा, काठावरच्या दोरीनं काही होत नाही. कॅप्टन खांदे उडवून पॅराशूट गोळा करायला लागला. आप्पांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, गळ्यातली कात्री काढली आणि ब्रेकच्या दोन्ही दोऱ्या मधोमध कापल्या.

"आता उडा," म्हणाले.

पुढचं काय सांगू! वसंतशेठनं देवळाचा माईक हातात घेतला. "गावकऱ्यांनो, बघा! सख्ख्या भावानं दोर कापला! माझं बरं बघवत न्हाई ह्याला!" बायका तोंडाला पदर लावून उभ्या, म्हातारे म्हणतायत, भाऊबंदकी हो, दुसरं काय. कुणीतरी मागून म्हातारचळ म्हणालं. आप्पा ताठ उभे होते. मी त्यांच्या शेजारून दोन पावलं बाजूला सरकले होते, लोकांनी आम्हाला एकत्र धरू नये म्हणून. आप्पांनी कापलेले तुकडे गोळा केले, आणि सवयीनं ते मापही पॅराशूटच्या पिशवीत टाकून आणलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गिऱ्हाईक नव्हतं. आप्पा सकाळपासून मागच्या खोलीत. खूप वेळानं बाहेर आले ते लाल फडक्यातलं पितळी वजन एका हातात आणि दुकानातलं माप दुसऱ्या हातात घेऊन.

"शोभे, तुझा काटा लाव."

मी लावला. आधी पितळी ठेवलं. पाच. मग लोखंडी ठेवलं. काट्यावर चार आले आणि वर जेमतेम अर्धा किलो. मला वाटलं काटा बिघडला. मी परत चालू केला, परत ठेवलं. तेच.

मला कळेना. त्यांनीच सांगितलं, कोरड्या आवाजात. वजन कमी, म्हणून ताण कमी, म्हणून जुनी, सुरकुतलेली दोरी पुरती सरळ झाली नाही आणि टेपेवर तोकडी दिसली. कापलेले तुकडे त्यांनी पितळी वजनावर परत मोजले होते. दोरी चांगली होती. काठावर, पण चांगली. उडी झाली असती, भाऊ गुलालात उतरला असता.

त्यांनी माप उलटं केलं. तळ पोखरलेला, आणि पोकळी काळ्या डांबरानं बुजवून वरून गुळगुळीत केलेली.

"आप्पा!" माझा आवाज चढला. "हे वसंतशेठचं काम! आणि तोच माईकवर तुम्हाला बोलला? आत्ता चला, सगळ्या गावासमोर हा काटा नेते मी!"

"बस खाली," ते म्हणाले. नखानं डांबर उकरत होते. डांबर दगडासारखं झालं होतं, निघत नव्हतं. "वसंता तवा रांगत हुता. आमच्या वाडीला पहिला रस्ता झाला तवा वढ्याकडं डांबराचं पिंप हुतं. बा म्हणाला, दिनकर, जा, एक गोळा घिऊन ये. मला वाटलं, छपराची गळती बुजवायची असंल. पळत गेलो, पळत आलो. हात भाजला हुता. बानं शाबासकी दिली."

मी काटा बंद केला.

"सारी वाडी हितनं ज्वारी न्यायची, शोभे. ज्यांच्याकडं ताजव्यात घालायला दुसरं माप न्हाई, ती समदी माणसं. त्याच्यावर माझी फी भरली. त्याच्यावर मी भरतीला गेलो. आन् मी जगाला सांगत फिरतो, माप खोटं बोलत न्हाई." त्यांनी माप फडक्यानं झाकलं, उघड्या अंगाच्या माणसाला झाकावं तसं. "मग एवढी लाज माझ्या अंगात कुठनं आली असंल, सांग बरं."

हा माणूस मला इतकी वर्षं लाजवत आला, आणि आज तोच खाली मान घालून माझ्या काट्यासमोर उभा होता, त्या वजन चोरणाऱ्या गिऱ्हाइकांसारखा. त्यांना हसणारी मी मला आठवली आणि फार ओशाळल्यासारखं झालं. तरी म्हणाले, "आप्पा, नुसतं माप खोटं होतं एवढं तरी सांगा. नाहीतर तुमच्यावर येईल."

"येऊ दे. माप न तपासता लावलं, ही चूक माझीच हाय."

"पण गाव तुम्हाला जळका म्हणतंय!"

"मला जळका म्हणत्यात, म्हणू दे. बाला चोर म्हणतील त्ये मला ऐकवंल का?"

दुपारी मालक आले. दोन्ही पॅराशूट बंद, पुढच्या सगळ्या बुकिंगा रद्द, त्यांचा पारा चढलेला. चांगली दोरी का कापली, विचारलं. आप्पांनी एवढंच सांगितलं, "मापात खोट हुती. मी तपासलं न्हाई. चूक माझी."

"कुणाचं माप?"

"मी लावलं म्हंजी माझंच."

मी तिथंच होते. तोंड उघडलं, तर आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की ते परत मिटलं. मग त्यांनी गळ्यातली कात्री काढली, टेप काढली, माझ्या काऊंटरवर ठेवली. "दुसरा माणूस बघा, साहेब. ज्याला मापाची खात्री हाय असा." मालकांनाही ते अपेक्षित नव्हतं. थांबा म्हणाले, इतकं काय त्यात. आप्पा थांबले नाहीत. पितळी वजन नव्या माणसासाठी ठेवलं आणि लोखंडी तेवढं पिशवीत घातलं.

नवा रिगर चांगला आहे. पोरगेलासा, कानात गाणी घालून काम करतो, आकडे बरोबर काढतो. पाहुणे वजन खोटं सांगतात तेव्हा मागून कुणी ओरडत नाही. मीही हल्ली हसत नाही, नुसता आकडा लिहिते.

आप्पांचं कळायचं ते उडत उडत. नदीपलीकडं असतात, कुणाशी बोलत नाहीत, वसंतशेठ निवडणूक हरला आणि त्याचंही खापर त्यांच्यावर फुटलं. मला फोन करायचं धाडस होत नव्हतं.

माझी बहीण तळेगाव ढमढेऱ्यात दिलेली आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा बाजार होता. भाजी घेऊन आम्ही दोघी धान्याच्या ओळीकडं वळलो आणि मला वसंतशेठचा पाल दिसला. गल्ल्यावर तो स्वतः, मान खाली. आणि ताजव्यापाशी, गोणपाटावर मांडी घालून, मिशांना तसाच पीळ दिलेले दिनकर आप्पा. गिऱ्हाइकाला तेच तोलून देत होते. माप पारड्यातून उचललं तेव्हा मी मुद्दाम वाकून बघितलं. डांबर नव्हतं. तळाला नवं शिसं ओतलेलं, अजून चकाकत होतं. भावाला त्यांनी काय सांगितलं, किती सांगितलं, मला ठाऊक नाही. वसंतशेठला आधीपासून माहीत होतं का, तेही देव जाणे. पण तो काही बोलत नव्हता, आणि पाल त्याचाच होता.

आप्पांनी मला पाहिलं. मला वाटलं नजर वळवतील. वळवली नाही. हातातलं माप जरा वर धरून म्हणाले, "शोभतंय का, शोभे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरोखर विचारत होते. मी नुसती मान हलवली, तोवर एक म्हातारी पिशवी पसरून पुढं आली. वाडीतलीच असावी, त्यांना अरे-तुरे करत होती. आप्पांनी पाच किलो ज्वारी तोलली. काटा मधोमध आला. मग त्यांनी पोत्यातून एक ओंजळ वर टाकली. पारडं झुकलं. मग दुसरी. मग तिसरी.

"आरं दिनकर, झालं की!" म्हातारी हसायला लागली. "एवढं झुकतं माप? दुकान बुडीवतोस का भावाचं?"

वसंतशेठनं वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं.

आप्पांनी आणखी एक ओंजळ टाकली. "घिऊन जा, मावशे," ते म्हणाले. "तुझं मागचं ऱ्हायलं हुतं."